पगाराला चोवीसने गुणू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर तिथेच लक्षात येईल. तुम्ही कळव्याचे, वय 31, डिप्लोमा करून रबाळ्याच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहात. हातात 62 हजार येतात. बायको ऐरोलीत नोकरी करते, तिचे 28 हजार. मुलगी चार वर्षांची, आई-बाबा तुमच्याचकडे, फ्लॅटचा हप्ता 27 हजार. दुबईत अल कूझच्या एका फॅब्रिकेशन कंपनीची ऑफर आलीय, महिना 6,500 दिरहम. मूळ पगार 2,600, घरभाडं 2,000, प्रवास 700, इतर 1,200. तुम्ही एका दिरहमचे 24 रुपये धरून त्याला 24 ने गुणलंत, 1 लाख 56 हजार आले, आणि विचारताय की एवढ्यात बायको-मुलीला घेऊन जाता येईल का आणि हातात किती उरेल.

मी 2004 ते 2019 तिकडे एका कंत्राटदार कंपनीत अकाउंट्सला होतो. आता नौपाड्यात बसून तिकडे गेलेल्यांचे रिटर्न भरतो. दर महिन्याला दोन-तीन जण हाच गुणाकार मोबाइलवर करून माझ्यासमोर बसतात. गुणाकार बरोबर असतो, तो केलेला मात्र चुकीच्या आकड्याचा. पगार दिरहममध्ये येतो आणि तिथला खर्चही दिरहममध्येच होतो. 24 ने गुणायचं ते फक्त तुम्ही इकडे पाठवाल त्या रकमेला.

तर ती रक्कम किती, ते आधी बघू. तुम्ही एकटे गेलात असं धरा. करामा किंवा बर दुबईत बेड स्पेस, म्हणजे एका खोलीत तीन-चार जण आणि त्यातली एक खाट तुमची, लाइट-पाणी-वायफायसकट 1,200 धरा. यापेक्षा स्वस्त मिळते, त्याबद्दल पुढे सांगतो. जेवण 750, तेही स्वतः रांधलंत तर. मेट्रो-बसचा सगळ्या झोनचा मासिक पास 350. फोन 125. साबण, कपडे, केस कापणं, अडीअडचण 250. औषधपाणी 100, कारण विमा कंपनीचा असला तरी डॉक्टरकडे तुमचा वाटा भरावा लागतो. वर्षाच्या तिकिटासाठी दरमहा 150 बाजूला. कंपनी तिकीट देते का हे करारात बघा, कायद्याने दरवर्षी द्यायलाच हवं असं नाही. एकूण 2,925. उरले 3,575. आता खुशाल गुणा: 85,800 रुपये.

आता कळव्याकडे या. आज तुमच्या दोघांचे मिळून 90 हजार येतात. हप्ता 27, घरखर्च तुम्ही 45 लिहिलाय, शिल्लक 18. शिवाय पीएफ. तुमचा मूळ पगार 30 हजारांच्या आसपास असेल तर तुमचे आणि कंपनीचे मिळून 7,200 दरमहा जमतात, ते हातात पडत नाहीत म्हणून कोणी मोजत नाही. म्हणजे आजची खरी बचत 25,200. तुम्ही गेल्यावर कळव्याचा खर्च किती कमी होईल? एक माणूस कमी झाला म्हणून पाचातला एक वाटा कमी होत नाही. लाइट, मेंटेनन्स, केबल, कामवाल्या मावशी, बाबांची औषधं तीच. फार तर 6 हजार वाचतील. तर 85,800 आणि बायकोचे 28,000, त्यातून हप्ता 27,000 आणि घरखर्च 39,000 वजा, उरले 47,800. त्यात तिकडच्या ग्रॅच्युइटीचे महिन्याला साधारण 3,600 मिळवा (हिशेब पुढे देतो). 51 हजारांच्या थोडे वर.

म्हणजे 62 हजारांवरून 1 लाख 56 हजारांवर गेलात तरी पदरात जादा पडतात ते 26 हजार. कमी नाहीत. पाच वर्षांत कर्जाचा मोठा तुकडा मोडता येईल. पण घर सोडायचं ते या 26 साठी. 94 हजारांची वाढ मिळतेय असं समजून जाऊ नका. हा आकडा बायकोला आणि आई-बाबांना सांगा, नाहीतर सहा महिन्यांनी घरातून विचारणा सुरू होते, ‘दीड लाख मिळतात ना, मग एवढेच कसे?’ मी हा प्रश्न फोनवर ऐकलाय, उत्तर देता येत नाही.

कुटुंबाबद्दल. नियम तुमच्या आड येत नाही. बायको-मुलांना स्पॉन्सर करायला, म्हणजे तुमच्या जबाबदारीवर त्यांचा व्हिसा काढायला, पगार 4,000 दिरहम, किंवा 3,000 आणि वर राहायची सोय, एवढं पुरतं. नियमात बसतो म्हणून परवडतं, असं समजून लोक फसतात. 4,000 ची अट व्हिसासाठी आहे, तेवढ्यात संसार चालतो असं तिथलं सरकार कुठेच म्हणत नाही.

दुबईत वन बीएचके तुमच्या आवाक्यात नाही, ते सोडूनच द्या. शारजात, अल नहदाच्या जुन्या इमारतीत, वर्षाला 36 हजार दिरहमला मिळालं असं धरू, म्हणजे महिना 3,000. लाइट-पाणी बारा महिन्यांच्या सरासरीने 400 (जून ते सप्टेंबर एसी रात्रंदिवस चालतो, तेव्हाचं बिल बघून नवा माणूस दचकतो). इंटरनेट 300. तिघांचं खाणंपिणं 1,500. दोन फोन 200. तुमचा रोजचा प्रवास 500. मुलीची केजीची फी आणि स्कूल बस मिळून महिन्याला 900, हे स्वस्तातल्या भारतीय शाळेचं सांगतोय. दोघींचा व्हिसा, एमिरेट्स आयडी (तिथलं सरकारी ओळखपत्र) आणि विमा महिन्यांत वाटला तर 300, कारण कुटुंबाचा खर्च कंपनी सहसा उचलत नाही. तिघांच्या तिकिटांसाठी 350. झाले 7,450. पगार 6,500.

आणि यात कळव्याचा हप्ता नाही, आई-बाबांचा खर्च नाही, आणि बायकोचे 28 हजार बंद झालेत. हप्ता 27 आणि आई-बाबांचे 18 धरले तर 45 हजार रुपये, म्हणजे 1,875 दिरहम आणखी. शून्य बचतीसाठीच 9,325 लागतात. आज जेवढं वाचवताय तेवढंच वाचवायचं तर पगार साडेदहा हजारांच्या घरात हवा. बायकोला तिकडे नोकरी मिळाली तर गणित पालटतं, नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर असताना वर्क परमिट काढून काम करता येतं. पण ती नोकरी हातात आल्याशिवाय धरायची नाही. तिची ऐरोलीची नोकरी या सगळ्या हिशेबातला खांब आहे. तो आधी काढू नका.

शारजात राहून दुबईला कामाला जाणं याबद्दल एक. तुम्ही आता कळव्याहून ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बर पकडता, गर्दी असते पण गाडी वेळेत रबाळ्याला नेते. शारजाला मेट्रो नाही. सकाळी शारजातून दुबईकडे आणि संध्याकाळी उलट, दोन्ही वेळा रस्ता तुंबलेला. अल कूझ त्यातही पलीकडच्या अंगाला. दीड तास जायला, दीड तास यायला. भाड्यात वाचवलेला पैसा असा जातो, आणि मुलगी झोपल्यावर तुम्ही घरी पोचता.

घर घ्यायची वेळ आलीच तर एक गोष्ट इथल्या माणसाला माहीत नसते. तिकडे भाडं महिन्याचं नसतं, वर्षाचं असतं, आणि ते एक, दोन, चार अशा पुढच्या तारखांच्या चेकने आधीच लिहून द्यायचं. चेक जितके कमी तितकं भाडं कमी. चार चेक धरले तर पहिल्याच दिवशी 9,000, वर डिपॉझिट, एजंटचे साधारण 5 टक्के, वीज-पाण्याची अनामत, करारनोंदणीची फी, मग गॅस, गाद्या, फ्रिज. 18 ते 20 हजार दिरहम घरात पाय ठेवायला. दुबईत असाल तर वर्षभाड्याच्या 5 टक्के हाउसिंग फी दर महिन्याच्या वीजबिलातून कापली जाते, तीही कोणी आधी सांगत नाही. चेक परत गेला तर 2022 पासून बहुतेक बाबतींत थेट फौजदारी होत नाही, पण वसुली कोर्टाच्या अंमलबजावणीतून होते आणि देश सोडायला बंदी येऊ शकते.

बेड स्पेसचं आता सांगतो. मी पहिली दीड वर्षं करामात काढली. खोलीत सहा खाटा, तीन खाली तीन वर, खिडकीजवळची खाट सगळ्यात जुन्या माणसाची. फ्रिजच्या कप्प्यांवर नावं चिकटवलेली. दारामागे खिळ्याला दोरीने बांधलेली वही, त्यात गॅसच्या पाळ्या. माझी पाळी 8.20 ते 8.45. तेवढ्यात पोळ्या होत नाहीत, म्हणून पोळी फक्त शुक्रवारी, तेव्हाच्या सुट्टीला, आणि बाकीचे दिवस भात किंवा बेकरीतला खुबूस, म्हणजे अरबी रोटी. रत्नागिरीकडचे एक गृहस्थ डाळीला फोडणी घालायला लागले की अख्ख्या खोलीतले माना वर करून बघायचे. वाईट दिवस नव्हते. पण पाठीचं दुखणं मी तिथूनच आणलं, आणि त्या दीड वर्षात मी घरी फोनवर एकदाही मोकळेपणी बोललो नाही, कारण पाच जण ऐकत असायचे.

आता त्यात फरक पडलाय. स्वस्त खाटा बहुतेक बेकायदा पार्टिशनमध्ये असतात, प्लायवूड टाकून एका हॉलच्या चार खोल्या केलेल्या. 2025 च्या जूनमध्ये दुबई महापालिकेने रिग्गा, मुरक्काबात, बर्शा, सतवा, रफ्फा या भागांत त्यावर मोहीम काढली. अशा ठिकाणी डिपॉझिट देऊन बसलात आणि पार्टिशन तोडलं तर पैसेही गेले आणि रात्रीचा निवाराही. म्हणून मी 700-800 ची खाट सांगत नाही. 1,200 द्या, आणि एजारी, म्हणजे भाडेकराराची तिथली सरकारी नोंदणी, कोणाच्या नावावर आहे, सहनिवासी म्हणून तुमची नोंद होणार का, हे तोंडावर विचारा. उत्तर टाळलं तर निघा तिथून.

घरी बोलायचं म्हटलं तर व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल लागत नाही. बोटिम किंवा दुसरं तिथे परवानगी असलेलं ॲप घरातल्या तिघांच्या फोनवर आधीच टाकून, कळव्यातच एकदा करून बघा. आईला विमानतळावरून शिकवू नका.

आता पगारपत्रकाकडे, कारण तुमच्या ऑफरमधली खरी खोट तिथे आहे, आणि तुम्ही त्याबद्दल विचारलंच नाही. 6,500 मध्ये मूळ पगार 2,600. ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 21 दिवसांचा, पुढे 30 दिवसांचा. 2,600 वर ती वर्षाला 1,820 होते, पाच वर्षांत 9,100. तोच मूळ पगार 4,000 असता तर 14,000. फरक 4,900 दिरहम, सव्वा लाखाला थोडे कमी, आणि कंपनीला आज एक पैसाही जादा द्यावा लागत नाही. नोकरी गेल्यास मिळणारा सक्तीचा विमाही तसाच. तुमच्या गटात महिन्याला 5 दिरहम भरायचे, किमान बारा महिने भरले असतील तर मूळ पगाराच्या 60 टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. 2,600 चे 60 टक्के 1,560. त्यात खाट आणि थोडं खाणं. एचआरला लिहा की एकूण 6,500 च राहू द्या, मूळ 4,000 करा. निदान साडेतीन हजार तरी. ऑफर हातात असताना विचारायला लाजू नका, जॉइन झाल्यावर कोणी दाद देत नाही.

वाशीचा एजंट 90 हजार ‘व्हिसा चार्ज’ मागतोय असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. ते पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. तिथल्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाचा, तो कामगाराकडून थेट किंवा आडून घेता येत नाही. आपल्याकडे नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला सेवाशुल्क म्हणून 30 हजार आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नोंदणी क्रमांक शोधा. सापडला नाही तर विषय संपला, मग ऑफिस कितीही चकचकीत असो.

तारखेचं एक फार महत्त्वाचं. तुम्ही 15 ऑक्टोबरला जॉइन व्हायचं म्हणताय. 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर हेच 183 दिवस होतात. नोकरीसाठी बाहेर जाणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात 182 दिवस किंवा जास्त इथे राहिला तर त्या वर्षापुरता तो करासाठी निवासीच, आणि निवाशाचं जगभरातलं उत्पन्न इथे मोजलं जातं. म्हणजे ऑक्टोबर ते मार्चचा दुबईचा पगार तुमच्या रबाळ्याच्या पगारात मिळवून कर काढायचा, आणि तिकडे कर भरलेला नसल्यामुळे वजावटही नाही. 28 सप्टेंबरपर्यंत निघालात तर हा प्रश्न उरत नाही. मी दोन-तीन दिवस राखून 25 तारीख सांगतो. कंपनीला तीन आठवडे आधी बोलवायला सांगून बघा. नाहीच जमलं तर कर भरायची तयारी ठेवा, लपवू नका.

निघण्याआधी बँकेत सांगून बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्या आणि एक एनआरई (तिकडून पाठवलेल्या पैशांचं खातं) उघडा. पगारातले पैसे एनआरईत पाठवायचे, त्यावरचं व्याज तुम्ही अनिवासी असेपर्यंत करमुक्त. पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. बायकोच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा, सोसायटीपासून बँकेपर्यंत सगळीकडे लागतं. डिप्लोम्याबरोबर लग्नाचा आणि मुलीच्या जन्माचा दाखलाही आत्ताच यूएईच्या वाणिज्य दूतावासाच्या शिक्क्यापर्यंत नेऊन ठेवा. पुढे कुटुंब न्यायची वेळ आली तर तिकडून हे करणं महाग पडतं.

खिशात 5,000 दिरहम घेऊन जा. पहिला पगार महिन्यानंतर, बँक खातं एमिरेट्स आयडीनंतर, आणि खाटेचं भाडं व डिपॉझिट पहिल्याच दिवशी. तीन पगार जमा झाले की बँकांचे फोन सुरू होतील, क्रेडिट कार्ड घ्या, कर्ज घ्या. पगाराच्या 20 पटीपर्यंत कर्ज द्यायची तिथे मुभा आहे, तुमच्या बाबतीत 1 लाख 30 हजार दिरहम. नेरुळचं एक जोडपं माझ्याकडे येतं. जवळपास तुमच्याच पगारावर कुटुंब नेलं, महिन्याची तूट कार्डावर टाकत गेले, 14 महिन्यांनी बायको-मुलगा परत आले, आणि तो पुढची दोन वर्षं फक्त कार्ड फेडत तिथे राहिला.

दिरहमचा भाव वाढतच जाणार असंही धरू नका. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 ला बांधलेला आहे, त्यामुळे खरा प्रश्न रुपया-डॉलरचाच. मी गेलो तेव्हा दिरहमला साधारण 12 रुपये मिळत. 2008 च्या सुरुवातीला रुपया वधारला आणि अकराच्याही खाली आला. तेवढेच दिरहम पाठवून माझा इथला हप्ता कमी पडायला लागला. पुढच्याच वर्षी मंदीत माझ्या कंपनीने तीन महिने पगार लांबवला. म्हणून सहा हप्त्यांचे पैसे, म्हणजे 1 लाख 62 हजार, इथल्या एफडीत अडकवून मगच जा. ते जमेपर्यंत थांबावं लागलं तर थांबा.

तर माझं म्हणणं: मूळ पगार वाढवून मिळाला, एजंट बाजूला झाला आणि तारीख सप्टेंबरमध्ये आली, तर एकटे जा. बायको-मुलीला मे महिन्यात महिनाभर व्हिजिटवर बोलवा, ऊन असेल पण शाळेची सुट्टी असते. कुटुंब न्यायचा विषय साडेदहा हजारांच्या ऑफरवर पुन्हा काढू.

राहिला आईंचा प्रश्न, कुकर न्यावा का. न्यावा. तीन लिटरचा, आणि रिंग-शिट्टी दोन जादा. पण बरोबर मसाला देणार असतील तर त्यात खसखस आहे का विचारा. तिकडे खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, अमली पदार्थ म्हणून, आणि विमानतळावर सापडली तर ‘आईने दिली’ हे चालत नाही. मालवणी मसाल्यात असते, करंजीच्या सारणात असते, अनारशांवर तर दिसतेच. यंदाचा फराळ चकली-चिवड्यावर भागवा.